बिल तुम्ही भरा, पण नंबर बाबांचाच राहू द्या

शिकागोत किंवा म्युनिकमध्ये बसून आर्वीच्या घराचं वीजबिल भरणं आता अजिबात अवघड नाही. महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक जवळ असला की दोन मिनिटांचं काम. ऑनलाइन भरलं तर पाव टक्का सवलतही मिळते.

घोळ वेगळ्याच ठिकाणी होतो. ‘आई-बाबांना कशाला त्रास’ म्हणून मुलगा विमानात बसण्याआधी वीज, गॅस सगळीकडे स्वतःचा मोबाइल नंबर टाकून जातो. हेतू चांगलाच. पण सिलिंडरवाला दारात उभा राहून डिलिव्हरी कोड मागतो आणि तो कोड जातो नोंदवलेल्या नंबरवर. उन्हाळ्यात वर्ध्यात सकाळचे ११ वाजतात, तेव्हा शिकागोत रात्रीचे साडेबारा झालेले असतात. आता उठवा त्याला!

हे निदान निस्तरता येतं. खरा धोका पुढे आहे. ‘मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री वीज कापणार, या नंबरवर फोन करा’ असे बनावट मेसेज येतात. महावितरणने त्याबद्दल वारंवार सावध केलं आहे. बिल भरल्याचा मेसेज मुलाच्या फोनवर गेला असेल, तर घरी बसलेल्या बाबांनी खरं काय ते ओळखायचं कसं? ते घाबरणारच. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, असं २००३ च्या वीज कायद्याचं कलम ५६ सांगतं. हे घरी आजच सांगून ठेवा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन.

बिल भरायला ग्राहक क्रमांक पुरतो, नंबर तुमचा असण्याची गरजच नाही. मग तो बदलायचा तरी कशाला? घर त्यांचं आहे. त्याची खबर आधी त्यांना मिळायला हवी.

तुमच्या स्वतःच्या खात्याचं मात्र बघा. परदेशात स्थायिक झाल्यावर साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. जानेवारी २०२३ मध्ये एनपीसीआयने दहा देशांच्या मोबाइल नंबरवर एनआरई-एनआरओ खात्यांसाठी यूपीआयची वाट मोकळी केली. त्यात अमेरिका होती, जर्मनी नव्हती. त्यामुळे भारतातलं सिम रिचार्ज करत राहा. ९० दिवस वापरलं नाही तर ते बंद होऊ शकतं.

राहिला नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला. ‘जीवन प्रमाण’ आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, पण पेन्शनर स्वतः कॅमेऱ्यासमोर हवा. तिथे तुमचा शिकागोतला फोन कामाचा नाही. शेजारच्या पोराला आधीच सांगून ठेवा, आणि दिवाळीला फराळाचा डबा त्याच्याही घरी जाऊ द्या.