वृद्धाश्रमातील रिकामा दिवस

पितृपंधरवडा जवळ आला की वृद्धाश्रमांच्या दूरध्वनीला उसंत मिळत नाही. कोणाला वडिलांच्या तिथीला भोजन द्यावयाचे असते, तर कोणाला आईच्या स्मरणार्थ चादरी वाटावयाच्या असतात. एकाच दिवशी दोन-दोन यजमान येतात आणि मधुमेहाने ग्रासलेल्या मंडळींपुढे लागोपाठ खिरीच्या वाट्या येतात. पाठोपाठ १ ऑक्टोबरचा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन आणि मग दिवाळीचा फराळ. तुळशीचे लग्न लागले की ही वर्दळ ओसरते. उरलेल्या दहा महिन्यांत या आश्रमांत माणसे दिवस कसा काढतात, हा प्रश्न मात्र देणाऱ्यांना पडत नाही आणि चालविणाऱ्यांना तो विचारण्याची सवड नसते.

हा दिवस साधारणपणे पहाटेच्या चहाने सुरू होतो. आंघोळी, औषधे, न्याहारी. साडेअकराच्या सुमारास जेवण. तीन वाजता पुन्हा चहा. सायंकाळी प्रार्थना आणि सात वाजता रात्रीचे जेवण, कारण स्वयंपाकिणींना घरी जाण्यासाठी बस गाठावयाची असते. झोपेचे आठ तास आणि स्नान-भोजनादी देहधर्माचे चार तास धरले, तर माणशी बारा तास उरतात. चाळीस जणांच्या एका आश्रमात वर्षाकाठी हे तास १,७५,२०० होतात. पडीक जमीन, बंद पडलेली गिरणी, बेकार हात यांची मोजदाद करण्याची रीत अर्थशास्त्रात आहे. या पावणेदोन लाख तासांची नोंद मात्र कोणत्याही ताळेबंदात आढळत नाही. ते दूरचित्रवाणीसमोर किंवा व्हरांड्यातील बाकावर, पुढच्या चहाची वाट पाहण्यात जातात.

निराश्रितांना छप्पर देण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यातील डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह, म्हणजेच आजचा ‘निवारा’, ही एकोणिसाव्या शतकातील संस्था. १९९५ साली राज्य शासनाने ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना आणली. २०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील लोकसंख्या दहा कोटींच्या पुढे गेली आणि महाराष्ट्रात ती एक कोटीहून अधिक भरली. यांपैकी फार थोडी माणसे आश्रमांत राहतात हे खरे. परंतु मुले परदेशी किंवा परगावी, घरे लहान आणि आयुर्मान वाढते, अशा स्थितीत हा आकडा वाढतच जाणार. तेव्हा छपराखालच्या दिवसाचा विचार आता तरी व्हावयास हवा.

कायद्याने तो केला आहे काय? आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण यासंबंधीचा केंद्रीय कायदा २००७ साली झाला. त्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निर्धन ज्येष्ठांची सोय करणारा वृद्धाश्रम उभारू शकेल. (‘उभारू शकेल’ या शब्दयोजनेतून शासनाला किती मोकळीक मिळते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) अशा आश्रमांतील सेवांचा दर्जा शासनाने ठरवून द्यावा, असेही त्याच कलमात सुचविले आहे आणि तेथे दोनच गोष्टींचा नावानिशी उल्लेख आहे: वैद्यकीय उपचार आणि मनोरंजनाची साधने. दिवसाच्या बारा तासांना कायद्याने दिलेले उत्तर ‘मनोरंजन’ या एका शब्दात सामावले आहे. व्यवहारात या शब्दाचा अर्थ दूरचित्रवाणी संच, कॅरम बोर्ड आणि आठवड्यातून एकदा बाहेरून येणारे भजनी मंडळ असा होतो. भजनाला सर्वांनी बसावे असा दंडक पुष्कळ ठिकाणी असतो. वय झाले म्हणजे माणूस आपोआप भाविक होतो, अशी व्यवस्थापकांची समजूत दिसते. आयुष्यभर कामगार चळवळीत काढलेल्या नास्तिकाच्याही हाती मग टाळ येतात.

मनोरंजन वाईट असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याचे मनोरंजन केले जाते तो प्रेक्षकच राहतो, आणि प्रेक्षकाचे कोणावाचून काही अडत नाही तसे त्याच्यावाचूनही कोणाचे अडत नाही. एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात केलेला प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की आपल्या खोलीची मांडणी कशी असावी, चित्रपट कोणत्या वारी पाहावा हे त्यांनीच ठरवावे; प्रत्येकाला एक रोपटे देऊन ते त्यांनीच जगवावे असे सुचविण्यात आले. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली आणि चित्रपटही दाखविला. मात्र पाणी परिचारिका घालीत आणि चित्रपटाचा वार त्यांना नेमून दिलेला असे. म्हणजे मनोरंजनाची साधने दोन्हीकडे सारखीच होती. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरील माणसे अधिक तरतरीत आणि मिसळणारी झालेली आढळली. दीड वर्षानंतर पाहता पहिल्या गटातील १५ टक्के, तर दुसऱ्यातील ३० टक्के व्यक्ती निधन पावल्या होत्या. दोन्ही गट मिळून माणसे शंभराच्या आतच होती; तेव्हा या टक्केवारीवर फार मोठा इमला उभारू नये. परंतु रोपटे मिळणे आणि रोपटे सांभाळावयास मिळणे यांत फरक आहे, एवढे सांगण्यास तो पुरेसा आहे.

हा फरक आपल्याकडील कोणत्याही आश्रमाच्या स्वयंपाकघराच्या दारात दिसतो. पन्नास वर्षे जिने घर रांधून वाढले, ती स्त्री येथे आल्या दिवसापासून ताट हाती धरून रांगेत उभी राहते. मेथीची जुडी निवडणे, शेंगदाणे सोलणे, वाती वळणे, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणे ही कामे तिच्या बोटांना अजून येत असतात. स्मृतिभ्रंशाने नातवाचे नाव विसरलेली बाईसुद्धा कापूस हाती दिला की वाती वळू लागते. निवृत्त कारकुनाला आश्रमाची आवक-जावक वही लिहिता येईल. शिक्षकाला शेजारच्या वस्तीतील मुलांचे पाढे घेता येतील. ज्याची दृष्टी शाबूत आहे त्याला इतरांना रोजचे वर्तमानपत्र वाचून दाखविता येईल. यासाठी इमारत वाढवावी लागत नाही. उद्या जेवणात काय असावे, बागेत काय लावावे, भजनी मंडळ हवे की नको, हे रहिवाशांच्या मासिक सभेत ठरले आणि त्याप्रमाणे खरोखरच घडले, तर तोही एक उपक्रमच.

व्यवस्थापकांची बाजूही ऐकली पाहिजे. सुरी हातात दिली आणि बोट कापले तर जबाबदार कोण? न्हाणीघराबाहेर कोणी घसरून पडले तर उत्तर आश्रमालाच द्यावे लागते. त्याहून अडचणीचा असतो तो नातलगांचा आक्षेप. ‘महिन्याला एवढे पैसे भरतो ते आईला भाजी निवडायला लावण्यासाठी काय?’ असे विचारणारा मुलगा दुष्ट नसतो. आईला आता विश्रांती मिळावी, हीच त्याची इच्छा असते. विश्रांती ही श्रमांच्या मध्ये येते तेव्हाच ती विश्रांती असते, हे त्याला रागाच्या भरात पटवणे कठीण. अर्थात त्याच्या शंकेत तथ्यही आहे. उपक्रमाच्या नावाखाली रहिवाशांकडून फुकट राबवून घेणारा आश्रम निघणारच नाही, याची हमी कोण देईल? म्हणून काम ऐच्छिक असले पाहिजे, नकार देणाऱ्याला नकार देता आला पाहिजे, आणि विक्रीयोग्य वस्तू तयार झाल्यास तिचे पैसे करणाऱ्याच्या हाती पडले पाहिजेत. ज्याला खिडकीशी एकटे बसावयाचे आहे त्याला बसू द्यावे.

खरी अडचण पैशाची आहे, पण ती वाटते त्या प्रकारची नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने सामाजिक दायित्वाच्या खर्चासाठी जी कामे नेमून दिली, त्यांत वृद्धाश्रम उभारणीचा स्पष्ट समावेश आहे. त्यामुळे नवी दालने बांधली जातात, उद्वाहक बसतात, सौरबंब येतात आणि भिंतीवर देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी लागते. भांडवली खर्चाला दाता मिळतो. दरमहाच्या पगाराला मिळत नाही, कारण पगारावर पाटी लावता येत नाही. रहिवाशांची आवड विचारणारी, त्यांची वही ठेवणारी, आजारपणानंतर कोण मागे पडले हे पाहणारी एक पगारी व्यक्ती ही खरी गरज असते. अमेरिकेत १९८७ च्या शुश्रूषागृह सुधारणा कायद्याने, सरकारी पैसा घेणाऱ्या गृहांत उपक्रमांची जबाबदारी पात्र व्यक्तीकडे असावी असे बंधन घातले. आपल्याकडे हे काम व्यवस्थापकाने हिशेब, किराणा आणि रुग्णवाहिका सांभाळून उरलेल्या वेळात करावे अशी अपेक्षा असते.

विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात दाखवून दिले की यंत्रामुळे कारखान्यातील कामाचा वेळ घटतो, पण चौघांच्या वादनाला पूर्वी जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. वृद्धसेवेचे तसेच आहे. धुलाईयंत्राने चादरी लवकर धुतल्या जातील. परंतु एका आजीबाईंची हकीकत ऐकावयास पूर्वीइतकाच वेळ लागणार. हा वेळ विकत घेणे महाग आहे, म्हणून महाविद्यालयांकडे पाहावयास हवे. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावे अशी अपेक्षा आहे. वीस विद्यार्थ्यांचे एक पथक म्हणजे २,४०० तास. आज त्यांतील वृद्धाश्रमाच्या वाट्याला येतात ती वार्षिक भेट, फळवाटप आणि छायाचित्र.

मात्र येथे एका धोक्याची जाणीव ठेवली पाहिजे. रिचर्ड शुल्झ यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील एका वृद्धनिवासात विद्यार्थ्यांच्या भेटींचा प्रयोग केला. भेट केव्हा आणि किती वेळ व्हावी हे ज्या वृद्धांच्या हाती होते, किंवा निदान ती केव्हा होणार हे ज्यांना आधी ठाऊक असे, त्यांची प्रकृती आणि उमेद सुधारली. पुढे प्रयोग संपला आणि भेटी थांबल्या. शुल्झ व बार्बरा हनुसा यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हीच सुधारलेली माणसे झपाट्याने खालावलेली आढळली. आपल्या महाविद्यालयांचे वर्ष जूनला सुरू होऊन परीक्षांच्या सुमारास संपते आणि स्वयंसेवक दोन वर्षांत बदलतात. तेव्हा पथकाने कामाला हात घालण्यापूर्वी, म्हणजे जूनमध्येच, एप्रिल आणि मे महिन्यांत आश्रमात कोण जाणार याची नावे ठरली पाहिजेत, आणि जाणाऱ्या मुलाने येणाऱ्या मुलाला आपल्या आजोबांशी स्वतः नेऊन भेटविले पाहिजे.