आधी पाळणा, मग कुलकुल

डिसेंबर उजाडला की वसईच्या वाड्यांमधून ताटल्या आणि पत्र्याचे डबे बाहेर निघतात. त्यात माती भरून नाचणी पेरायची, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्री देखाव्यातल्या गोठ्यात हिरवंगार गवत तयार. पेरणीचा दिवस चुकला तर गवत एकतर पिवळं पडतं, नाहीतर बोटभरसुद्धा वाढत नाही. हा हिशेब पोरांना पाठ असतो. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ घेऊन चांदणी करायची. त्यातला बल्ब मात्र मोठ्यांच्या देखरेखीखाली लागायचा. आज पन्नाशी-साठी गाठलेल्या कुणालाही लहानपणीच्या नाताळबद्दल विचारा, तो इथूनच सुरुवात करतो. मग एकाच ताग्यातून शिवलेले सगळ्या भावंडांचे कपडे येतात, रात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, डुलक्या घेताना खाल्लेला कोपराचा ढोसा येतो. आणि सगळ्यात जास्त वेळ चालतो तो कुलकुलांचा विषय.

कुलकुल हा प्रकार ज्याने वळला नाही त्याला त्यातला वैताग कळणार नाही. मैद्याचा बोराएवढा गोळा नव्या कंगव्यावर किंवा काट्याच्या पाठीवर दाबायचा आणि गुंडाळत आणायचा, की शिंपल्यासारखी वळकटी होते. ती तळायची, पाकात घोळवायची. असे शेकड्यांनी. पोरं पहिले पन्नास उत्साहाने करतात, मग पळतात. उरलेले कोण करतं?

आठवणींमध्ये या प्रश्नाचं उत्तर नेहमी धूसर असतं. घरातली आजी पहाटेच्या लोकलने भाजीची नाहीतर फुलांची पाटी घेऊन दादरला जाऊन आलेली असायची. मुंबईकरांना ती फक्त ‘वसईवाली’ म्हणून ठाऊक. संध्याकाळी परतल्यावर तीच पीठ मळायची, आणि सुना तळायला बसायच्या. खाली गोव्यात दोदोल हलवणाऱ्या बाईचा हात तासन् तास कढईतून सुटत नाही, कारण नारळाचं दूध, तांदळाचं पीठ आणि माडाचा काळा गूळ तळाला लागायला टपलेलेच असतात. बेबिंकाचा एकेक थर वरून निखारा देऊन भाजायचा, तो झाल्यावर पुढचा ओतायचा. असे सात तरी, हौस असेल तर सोळा. लहानपणीच्या नाताळचा जो गोडवा सांगितला जातो, त्यातला बराचसा या हातांचा होता. पोरांच्या वाट्याला वास आणि चव आली.

हे सगळं आता काढायचं कारण म्हणजे घरात बाळ जन्मलं की या आठवणींना एकदम धार येते. नोव्हेंबरात बाळ झालेलं असलं तर विचारायलाच नको. बाळाचा पहिला नाताळ म्हणजे सगळं ‘आमच्या वेळेसारखं’ झालं पाहिजे! घरचे कुलकुल हवेत, नेवऱ्या हव्यात, केक तर हवाच. गल्फमधला काका येणार, पुण्याची मावशी येणार. दिव्यांच्या माळेखाली लाल टोपी घातलेल्या बाळाचा फोटो निघणार. जमलंच तर त्याच आठवड्यात स्नानसंस्कार उरकायचा, कारण धर्मपिता सुट्टीवर आहे आणि हॉल मिळतोय. आणि बाळाची आई? टाके अजून ओढतात, रात्री चार वेळा उठते, आणि दिवसा आल्यागेल्याला हसून चहा देते. पूर्वी या घरात आजी, दोन काकू आणि शेजारच्या तिघी होत्या. आता दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. माणसं घटली, पण सणाचं मेन्यूकार्ड तेवढंच राहिलं.

इथे जरा स्पष्टच बोललं पाहिजे. पाच आठवड्यांच्या बाळाला या थाटातलं काहीही आठवणार नाही. माणसाच्या सर्वांत जुन्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातल्या असतात, त्याआधीचं पुसलं जातं. म्हणजे पहिला नाताळ बाळासाठी नसतोच, तो मोठ्यांसाठी असतो. त्यात वाईट काही नाही. मात्र बाळाच्या नावावर बिल फाडू नये.

गंमत म्हणजे ज्या गोष्टीवरून हा सण आला, तिच्यातले पाहुणे फार समजूतदार आहेत. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ रात्री येतात, गव्हाणीतलं बाळ बघतात आणि परत जातात. कोणी जेवायला थांबल्याचा उल्लेख नाही. सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन येणारे ज्ञानी लोक मत्तयच्या शुभवर्तमानात भेटतात. ते येतात तेव्हा बाळ गोठ्यात नाही, घरात आहे. आपल्या देखाव्यात मात्र मेंढपाळ, ज्ञानी, मेंढरं, उंट सगळे एकाच रात्री एकाच छपराखाली दाटीवाटीने उभे असतात. फ्रान्सिस असिसीकर या संताने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात खरी गव्हाणी, गवत आणि जिवंत बैल-गाढव आणून पहिला गाजलेला देखावा मांडला. तेव्हापासून आठशे वर्षं ही गर्दी वाढतच चालली आहे.

त्याच लूकमध्ये आणखी एक तपशील आहे. मोशेच्या नियमाप्रमाणे शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावरच मारिया आणि योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात जातात. मुलगा झाला तर हे दिवस चाळीस. गरीब जोडप्याला कोकरू परवडत नव्हतं, म्हणून पक्ष्यांच्या जोडीवर भागवतात. चाळीस दिवस म्हटलं की मराठी माणसाला चटकन सव्वा महिना आठवावा. दोन्हीकडे कारण विटाळाचं दिलं गेलं, आणि ती कल्पना टाकून द्यावी अशीच आहे. पण तिच्या आडून बाईला अंथरूण मिळत होतं, डिंकाचा लाडू मिळत होता, आणि बाळाला परक्या हातांपासून सुट्टी मिळत होती. (शेगडीची धुरी मात्र गेली ते बरं झालं, तान्ह्याच्या फुप्फुसाला धूर कसला मानवतो?) आपण विटाळ सोडला, आणि त्याच गाठोड्यातून विश्रांतीही फेकून दिली.

लोकांना बाळाभोवती जमायची हौस किती चिवट असते, त्याचा पुरावा पोर्तुगीजांच्या दप्तरात आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, 1736 साली ख्रिस्ती झालेल्यांच्या जुन्या चालीरीतींवर जे लांबलचक फर्मान काढलं, त्यात जन्मानंतरच्या सहाव्या रात्रीच्या जागरणालाही बंदी घातली होती. आपली सटवीची रात्र ती हीच. जी हौस धर्मसत्तेला फर्मानाने थांबवावी लागली, ती एका बाळंतिणीच्या ‘नको ना’ने कशी थांबणार? म्हणून हे तिच्यावर सोडू नये. दारात उभं राहून पाहुण्यांना सांगायचं काम बाळाच्या बापाचं आणि आजोबांचं आहे.

सांगायचं तरी काय, तर फार काही नाही. डांग्या खोकल्याविरुद्धची लस आपल्याकडे सहाव्या आठवड्यापासून सुरू होते, मग दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पुढचे डोस. तोवर सर्दी-खोकला असलेल्याने बाळाला लांबूनच बघावं, मुका तर कोणीच घेऊ नये. बोटावर मध लावून चाटवायची हौस वर्षभर आवरावी, कारण त्यातून तान्ह्याला बोट्युलिझमसारखी जिवावरची बाधा होऊ शकते. बाळ झोपलं असेल तर फोटोसाठी उठवू नये. बाळाला घेऊन रात्रीच्या मिस्साला जायचं की नाही, हे कोडं तर निम्मं कायद्यानेच सोडवलं आहे. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, आणि सणांसाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत वर्षातल्या मोजक्याच दिवशी मिळते. त्यामुळे अनेक ठिकाणी मैदानातला मिस्सा लवकर सुरू होतो. जुनी मंडळी अजून त्यावर कुरकुरतात. लेकुरवाळ्यांनी मात्र हळूच सुटकेचा श्वास सोडला असणार.

आणि कुलकुल? ते होऊ द्यावेत, पण या वर्षी बाप्यांनी वळावेत. नोकरदार आईला 2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची रजा आहे. केंद्र सरकारी नोकर असलेल्या बापाला 15 दिवस आहेत, खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने काहीच नाही. पण नाताळची सुट्टी तर असतेच. ती कॅरमवर आणि ग्लासावर घालवण्यापेक्षा कंगवा हातात घेतलेला बरा. पहिले पन्नास वाकडे होतील. काकू हसतील. उरलेले बाजारातून आणले तर बाळाची काही तक्रार नसेल. दोदोल तर सरळ गोव्याहून मागवावा.

ज्यांना बाळाला बघायची खरोखरच घाई झाली आहे, त्यांच्यासाठी पंचांगात एक दिवस आधीपासून राखून ठेवलेला आहे. 25 डिसेंबर धरून मोजत गेलं की चाळिसावा दिवस 2 फेब्रुवारीला पडतो. त्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात आणि बाळ येशूला मंदिरात नेल्याची आठवण करतात. तोवर गोठ्यातली नाचणी वाळून कोंबड्यांच्या पुढे गेलेली असते. नोव्हेंबरात जन्मलेल्या बाळाचे लशीचे बहुधा दोन डोस झालेले असतात, आणि ते तोंडाकडे बघून हसायला लागलेलं असतं. डब्याच्या तळाशी वाकड्यातले चार-दोन कुलकुलही सापडतील.