मेंदूच्या प्रयोगशाळेत मानसशास्त्राला जागा हवी

जेम्स ओल्ड्स यांची हार्वर्डची पीएच.डी. सामाजिक मानसशास्त्राच्या अंगाने जाणारी होती. 1953 मध्ये ते कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात काम करत होते. उंदराच्या मेंदूत तार कशी बसवायची, हे त्यांना तिथे पीटर मिलनर या सहकाऱ्याकडून शिकावं लागलं. एका उंदराच्या मेंदूत ती तार ठरलेली जागा सोडून भलतीकडे बसली. ज्या कोपऱ्यात विजेची हलकी लहर मिळाली होती, त्याच कोपऱ्यात तो उंदीर पुन्हा पुन्हा जाऊ लागला. ओल्ड्स यांनी त्याला प्रयोगातून बाद केलं नाही, तो काय करतोय ते पाहत राहिले. पुढे कळ दाबून स्वतःच लहर घ्यायची सोय केल्यावर उंदीर ती कळ सोडेनात. 1954 मध्ये दोघांनी हा शोध प्रसिद्ध केला. व्यसनाचं मेंदूविज्ञान आजही त्या पायावर उभं आहे, आणि तो घालणाऱ्यांत एक उमेदीचा तरुण मानसशास्त्रज्ञ होता.

आज आपल्याकडे मानसशास्त्रात एम.ए. झालेली मुलगी 'मला व्यसन आणि मेंदू यांवर संशोधन करायचंय' म्हणाली, की पहिला प्रश्न येतो: बारावीला बायोलॉजी होतं का? नसेल तर बोलणं समुपदेशनाच्या कोर्सकडे वळतं. यात तिचं नुकसान आहेच, पण त्याहून मोठं नुकसान या विषयाचं आहे.

कारण व्यसनातले कळीचे प्रश्न वागण्याचे आहेत. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज हे मानसशास्त्रज्ञच. उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन हे रसायन जवळपास संपवलं तर ते अन्नाकडे वळेनासे होतात, पण जिभेवर साखर ठेवली की चेहऱ्यावर गोडी दिसते, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे हवंसं वाटणं वेगळं आणि आवडणं वेगळं. 'आता मजा येत नाही, तरी सुटत नाही' हे व्यसनमुक्ती केंद्रात ऐकू येणारं वाक्य या निष्कर्षाशी ताडून पाहायला दोन्ही बाजू जाणणारा माणूस लागतो.

2018 मध्ये मार्को वेनिरो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत आणखी एक गोष्ट दाखवली. अमली पदार्थाची चटक लागलेल्या उंदरांना पदार्थ किंवा दुसऱ्या उंदराची सोबत अशी निवड दिली, तेव्हा जवळपास प्रत्येक वेळी त्यांनी सोबत निवडली. सोबत मिळायला उशीर होऊ लागला, तसे ते पुन्हा पदार्थाकडे वळले.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात 1986 पासून व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच नव्या रुग्णांना हात देतात. या सोबतीने तलफेवर नेमकं काय घडतं, याचा शिस्तशीर अभ्यास मराठी मातीत व्हायला हवा.

गरज किती आहे, ते सामाजिक न्याय मंत्रालय आणि एम्सच्या 2019 च्या अहवालात आहे. देशात सुमारे 5.7 कोटी लोकांना दारूच्या समस्येसाठी मदत हवी आहे. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळाला होता. उपाय शोधायला आपले लोक समर्थ आहेत, याचा पुरावा गोव्यात सापडतो. तिथे 'संगत' संस्थेने डॉक्टर नसलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. अतिमद्यपान करणाऱ्या 377 पुरुषांवरचा तो अभ्यास 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 42 टक्के दारूपासून दूर होते, इतरांत हे प्रमाण 18 टक्के होतं. हे कोणामध्ये टिकतं आणि कोणाची घसरण का होते, हा पुढचा प्रश्न मेंदूपर्यंत जातो.

दार अगदीच बंद आहे असं नाही. 2021 पासून गेट परीक्षेत मानसशास्त्राचा पेपर आहे. ज्युनिअर रिसर्च फेलोशिपची रक्कम 2023 पासून दरमहा 37 हजार रुपये झाली. पण एम.ए. आणि फेलोशिप यांमधली एक-दोन वर्षं बिनपगारी कामावर काढणं साध्या घरातल्या मुलीला परवडत नाही. गुणी मुलं गळतात ती इथेच.

तिनेही या काळात संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग शिकावं, काही महिने व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांसोबत काढावेत. विद्यापीठांनी मात्र हे तिच्या हौसेवर सोडू नये. मानसशास्त्र विभाग, मेंदूविज्ञानाची प्रयोगशाळा आणि जवळचं व्यसनमुक्ती केंद्र यांना जोडणारी पगारी संशोधन सहायकाची पदं प्रत्येक विद्यापीठाने निर्माण करावीत, आणि बारावीची शाखा न विचारता ती भरावीत.