वाचलेला वेळ कोणाचा?

महाविद्यालयात पाऊल ठेवल्यापासून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते आता पाठ झाले आहे. 'दिवसाचे चोवीस तास सर्वांना सारखेच मिळतात!' हे वाक्य स्वागत समारंभात असते, परीक्षेआधीच्या मार्गदर्शनात असते आणि निरोप समारंभात तर असतेच. त्याचा अर्थ असा लावला जातो की, ज्याला वेळ पुरत नाही तो आळशी. त्याने वेळापत्रक करावे, भिंतीवर चिकटवावे आणि पहाटे लवकर उठावे.

वाक्य खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. तास सर्वांना सारखे मिळतात हे मान्य, पण त्या तासांवर हुकमत सर्वांची सारखी असते का? मी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतून रोज महाडला शिकायला येते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. आमच्याकडे पहाटे लवकर उठण्याचा उपदेश कोणाला करण्याची गरजच नाही. आई चार वाजता उठते. तरीही तिला वेळ पुरत नाही. मग तिला आळशी म्हणायचे काय?

वेळेचा विषय निघाला की आमच्या भागात दोन थोर नावे हटकून घेतली जातात. पहिले तानाजी मालुसऱ्यांचे. त्यांची समाधी आमच्याच तालुक्यात, उमरठला आहे. घरचे लग्न बाजूला ठेवून ते १६७० साली कोंढाण्यावर गेले, ही कथा इथे लहान पोरालाही ठाऊक असते. दुसरे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. ज्या महाडात १९२७ साली त्यांनी चवदार तळ्याचे पाणी सर्वांसाठी खुले व्हावे म्हणून सत्याग्रह केला, त्या महाडात विद्यार्थ्यांपुढे त्यांच्या अभ्यासाचा आदर्श ठेवणे योग्यच आहे.

पण आदर्शाची एक बाजू सांगितली जाते आणि दुसरी राहून जाते. ज्या घरातले लग्न बाजूला राहिले, त्या घरात जमलेले पाहुणे, शिजवलेले अन्न आणि पाहिलेली वाट कोणी निभावली असेल? बाबासाहेब १९१३ ते १९१६ अमेरिकेत आणि पुढे १९२० ते १९२३ लंडनला शिकत होते, तेव्हा इकडे मुंबईत संसाराचा गाडा रमाबाईंनी ओढला. दापोलीजवळच्या वणंदची ती लेक. बाबासाहेब मात्र हे विसरले नाहीत. १९४० साली प्रसिद्ध झालेला पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केला. आपल्या अभ्यासाच्या तासांत दुसऱ्या कोणाचे तास मिसळलेले आहेत, हे त्या थोर माणसाने छापून सांगितले. आपण भाषणात अभ्यासाचे तास तेवढे मोजतो आणि ती अर्पणपत्रिका विसरतो.

आता थोरांकडून आपल्या घराकडे येऊ. सावित्रीच्या खोऱ्यात पाऊस धो धो पडतो, पण तो डोंगरउतारावरून धावत खाली जातो. एप्रिल-मे महिन्यांत वरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते आणि हंडा-कळशी घेऊन झऱ्यावर बसावे लागते. जून-जुलैत भाताची लावणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी-झोडणी, शिमग्याला पालखी, भाद्रपदात गौरी-गणपती आणि मुंबईहून आलेली माणसे. यातले काहीही टाकण्यासारखे नाही आणि मला टाकायचेही नाही. पण या प्रत्येक गोष्टीत बाईचा वेळ किती आणि पुरुषाचा किती, हा हिशेब आपण कधी मांडतो का?

सरकारने तो मांडला आहे. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण झाले. घरच्यांसाठी जे बिनपगारी घरकाम करावे लागते, ते शंभरातल्या ८१ बायका करत होत्या आणि शंभरातले २६ पुरुष. जे हे काम करत होते त्यांच्यातही बाईचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे होता आणि पुरुषाचा ९७ मिनिटे. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास. चोवीसातून हे पाच आधीच वजा करून तिने आपले वेळापत्रक भिंतीवर चिकटवायचे!

कोणी म्हणेल, पूर्वीच्या बायका यापेक्षा जास्त राबत, तरी गात होत्या. हे खरे आहे. माझ्या दृष्टीने हाच या विषयाचा गाभा आहे.

गेल्या वर्षापासून मी माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या एका दोनशेपानी वहीत उतरवून घेते आहे. हा माझा अभ्यासक्रमाबाहेरचा उद्योग. काम, घर, देव आणि छंद यांना वेळ कसा वाटून द्यावा, याची आपण चिंता करतो. जात्यावर बसलेली बाई या चारही गोष्टी एकाच वेळी करत होती. दळण हे काम. ओवीत भाऊ, लेक आणि माहेर आले की तेच घर. विठ्ठल आला की तीच भक्ती. आणि शब्दाला शब्द जुळवण्याचा आनंद हा तिचा छंद. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढे मोठे साहित्य ज्यांनी रचले, त्यांच्याजवळ लिहायला-वाचायला तासभरसुद्धा स्वतःचा नव्हता.

पण यावरून 'जुने तेच बरे' असे मी म्हणणार नाही. जाते ओढून आजीचे खांदे गेले आहेत. मी तिला ओवी विचारली की ती म्हणते, "अगं बाय, जातं फिरलं की ओवी आपसूक येते. तू मला खाटेवर बसवून विचारतेस, मग ती कुठून येणार?" ओवी ही कष्ट हलके करण्याची युक्ती होती. कष्ट टिकावेत म्हणून कोणी ती रचली नव्हती. बहिणाबाई चौधरी शेतात राबताना आणि घरोट ओढताना गाणी रचत. त्या १९५१ साली गेल्या आणि गाणी १९५२ साली पुस्तकात आली, कारण मुलाने, सोपानदेवांनी, ती कागदावर टिपून ठेवलेली होती. म्हणजे गाणे राबणाऱ्या हातांचे असले, तरी ते टिकायला कोणाचा तरी मोकळा हात लागतोच.

पुढे पिठाची गिरणी आली. जाते कोपऱ्यात गेले. पहाटेचे दळण वाचले. पण तो वाचलेला वेळ गेला कुठे? आजीला मी हा प्रश्न विचारला, तेव्हा ती नुसती हसली. तो वेळ शेतात गेला, गुरांत गेला, आल्यागेल्याच्या चहात गेला. दळण वाचले, ओवीही गेली आणि बाईच्या हाती तास आलाच नाही! आज घरात गॅस आला, काही वाड्यांत दाराशी नळ आला, तरी गोष्ट तीच. यंत्र वेळ वाचवते, पण तो वेळ कोणाचा हे यंत्र ठरवत नाही. ते घर ठरवते. ज्या तासावर कोणाचे नाव नाही, तो तास घरातल्या सर्वांत थोरल्या आवाजाकडे जातो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, वेळेचे नियोजन हा एकट्याने भिंतीवर चिकटवायचा कागद नव्हे. ती घरातली वाटणी आहे. जमिनीच्या वाटणीसाठी आपण पिढ्यान् पिढ्या भांडतो, पण वेळेच्या वाटणीबद्दल चकार शब्द काढत नाही!

यावर 'हे शहरी खूळ आहे' असे म्हणणाऱ्यांना मी आपल्याच संतांकडे जायला सांगेन. जनाबाई नामदेवांच्या घरी राबणारी दासी. तिला भजनाला वेळ मिळावा म्हणून खुद्द विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसला, ही कथा आपल्या प्रत्येक सप्ताहात सांगितली जाते. विठ्ठलाने जनाबाईला वेळेच्या नियोजनावर उपदेश केला नाही, त्याने खुंट्याला हात लावला! आमच्या गावच्या सप्ताहात महाप्रसादाचा भात पुरुषच शिजवतात, मोठमोठी पातेली उतरवतात, पंगतीला वाढतात. म्हणजे काम येत नाही, ही सबब खरी नाही. देवळात जे पुण्य असते, ते घरच्या चुलीपाशी कमीपणाचे का व्हावे?

माझी धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. मी महाडला येऊ लागल्यापासून माझ्या वाटचे पाणी आणि भांडी तिच्याकडे गेली होती. ओझे नाहीसे झाले नव्हते, ते फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या, लहान खांद्यावर गेले होते. जून महिन्यात आम्ही घरात बसून हे बोललो. दादा औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातो, तोही दमतोच. तरी सकाळपाळी असेल तेव्हा संध्याकाळचे पाणी तो आणतो. पहिले आठ दिवस झऱ्यावर त्याची थट्टा झाली. नवव्या दिवशी दुसऱ्या एका घरचा मुलगा कळशी घेऊन आला. संध्याकाळी सात ते साडेआठ हा वेळ आता बहिणीच्या नावाचा आहे आणि त्या वेळेत तिला कोणी हाक मारत नाही. आईच्या नावाचा तास अजून निघालेला नाही. तो काढायचा आहे.

डिसेंबर १९२७ मध्ये याच महाडात बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले आणि मुलांप्रमाणे मुलींनाही शिकवा, असे सांगितले. मुलींची नावे आज हजेरीपटावर आली आहेत. पण शिकण्यासाठी नाव पुरत नाही, तास लागतो. तेव्हा माझ्या वर्गबंधूंनो, तुमचे वेळापत्रक जरूर करा. फक्त प्रत्येक रकान्यापुढे आणखी एक रकाना आखा आणि त्या वेळात तुमच्या वाटचे काम कोण करते, त्याचे नाव त्यात लिहा. आणि मैत्रिणींनो, वाचलेल्या तासावर आपले नाव घालायला लाजू नका. नाव घातले नाही, तर तो तास आपला होता हे पुढच्या पिढीला कळणारसुद्धा नाही.