एदलाबादच्या प्रतिभाताई

वरणगावहून महामार्गाने पूर्वेकडे निघाले म्हणजे पुढे जो तालुका लागतो, त्याचे आजचे नाव मुक्ताईनगर असले तरी आमच्या भागातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी ते अद्याप एदलाबादच आहे; आणि या एदलाबादने १९६७ पासून लागोपाठ चार निवडणुकांत ज्या एकाच व्यक्तीला विधानसभेत पाठविले, ती व्यक्ती पुढे भारताची पहिली महिला राष्ट्रपती झाली, हे सर्वश्रुत आहे. प्रतिभाताई पाटील यांचे नाव निघाले की २५ जुलै २००७ चा शपथविधी तेवढा आठवावा आणि त्यामागील दीर्घ विधिमंडळीय आयुष्य विस्मृतीत जावे, हे मात्र मला योग्य वाटत नाही. त्यांच्या कर्तृत्वाचे मोजमाप करावयाचे तर राष्ट्रपती भवनातील पाच वर्षांपेक्षा विधानसभेतील तेवीस वर्षांवरून करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते आजच मांडावेसे वाटते याचे कारण आमच्या जळगाव जिल्ह्याच्या सांप्रतच्या राजकीय स्थितीत आहे.

बोदवडजवळच्या नाडगावी १९ डिसेंबर १९३४ रोजी जन्मलेल्या, जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या, तेथे टेबल टेनिसच्या खेळात नाव मिळविलेल्या, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाची पदवी घेऊन जळगावच्या न्यायालयात वकिली करू लागलेल्या या तरुणीला काँग्रेसने १९६२ साली जळगावची उमेदवारी दिली, तेव्हा तिचे वय सत्तावीस वर्षांचे होते आणि विवाह व्हावयास अजून तीन वर्षे अवकाश होता. महाराष्ट्र राज्याची स्थापना होऊन पुरती दोन वर्षेही लोटली नव्हती, नव्या राज्याच्या विधानसभेची ती पहिलीच निवडणूक होती, आणि अशा वेळी एका प्रबळ पक्षाने जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणची जागा एका अविवाहित वकील मुलीच्या हाती सोपवावी, यातील धाडस आज साठ वर्षांनंतरही थोर वाटते. मतदारांनी तो विश्वास सार्थ ठरविला. त्याच वर्षी जिल्ह्यात महिला गृहरक्षक दलाची उभारणी करून त्याचे नेतृत्व त्यांनी पत्करले, हेही येथे नमूद केले पाहिजे. कारण सभागृहातील आसन मिळाल्यावर गावोगावच्या स्त्रियांना कवायतीच्या मैदानावर आणण्याची खटपट करणे हे त्या काळच्या खानदेशात सोपे काम नव्हते.

१९६७ मध्ये त्यांनी शहर सोडून एदलाबादचा ग्रामीण मतदारसंघ स्वीकारला. तापी आणि पूर्णा यांचा संगम जेथे चांगदेवाच्या देवळाशी होतो, मुक्ताबाईच्या समाधीस्थानी जेथे वारकऱ्यांची रीघ लागते, आणि काळ्या जमिनीतील कापूस व केळी यांवर जेथील प्रपंच अवलंबून असतो, असा तो मुलूख. अशा मुलखातील आमदाराचे काम वृत्तपत्रांच्या मथळ्यांत क्वचितच येते. कोणाचा तगाईचा अर्ज मामलेदार कचेरीत अडकलेला, कोठे नाल्यावरची मोरी वाहून गेलेली, कोणत्या शाळेला वर्गखोली नाही, कोठे पुराचा पंचनामा झाला परंतु मदत पोचली नाही, अशा शेकडो अर्जविनंत्यांचा पाठपुरावा करताना सरकारी दफ्तराची दिरंगाई सोसावी लागते आणि पाच वर्षांनी पुन्हा त्याच ओट्यांवर, त्याच माणसांसमोर, हात जोडून जाबसाल द्यावा लागतो. १९६७, १९७२, १९७८ आणि १९८० अशा चारही वेळा एदलाबादने त्यांचा जाबसाल मान्य केला. त्यांतील १९७८ ची निवडणूक विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण आणीबाणीनंतरचा रोष शमलेला नव्हता, काँग्रेस पक्ष दुभंगलेला होता आणि राज्यातील अनेक जुने गड ढासळत होते.

मंत्रिमंडळातील त्यांच्या खात्यांची यादी मी जेव्हा जेव्हा पाहतो, तेव्हा मला एकाच वेळी आदर आणि विषाद वाटतो. १९६७ ते १९७२ या काळात वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात उपमंत्री म्हणून सार्वजनिक आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, गृहनिर्माण. १९७२ पासून मंत्री म्हणून समाजकल्याण, मग त्याला जोडून आरोग्य. त्यानंतर दारूबंदी, पुनर्वसन आणि सांस्कृतिक कार्य. १९७७-७८ मध्ये शिक्षण. १९८२ ते १९८५ या अवधीत प्रथम नगरविकास व गृहनिर्माण, नंतर नागरी पुरवठा व समाजकल्याण. आरोग्य, शाळा, निवारा, धान्य, दुर्बलांचा सांभाळ, म्हणजे रयतेच्या घराच्या उंबरठ्याच्या आत ज्या ज्या खात्यांचा अंमल पोचतो, ती बहुतेक सर्व खाती त्यांनी सांभाळली. परंतु गृह, अर्थ आणि महसूल या ज्या तीन खात्यांवर राज्याच्या सत्तेचा खरा डोलारा उभा असतो, त्यांपैकी एकही त्यांच्याकडे आले नाही. स्त्रीकडे समाजकल्याण द्यावे आणि तिजोरीच्या किल्ल्या पुरुषांकडे ठेवाव्यात, ही वहिवाट आपल्या राज्यात इतकी मुरलेली आहे की तिच्याविषयी कोणी कैफियतही मांडत नाही. तरीसुद्धा १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या वर्षी, खडी फोडावयास गेलेल्या कुटुंबांत बायकामुलांची संख्या मोठी असताना, समाजकल्याणाची जबाबदारी असलेला मंत्री दुय्यम होता असे कोण म्हणेल?

माझ्या दृष्टीने त्यांच्या राज्यातील कारकिर्दीचा कळस कोणत्याही मंत्रिपदात नाही; तो जुलै १९७९ ते फेब्रुवारी १९८० या सात महिन्यांत आहे. शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार अधिकारावर होते, काँग्रेसमधील कालचे सहकारी आज समोरच्या बाकांवर बसलेले होते, आणि अशा वेळी प्रभा राव यांच्यामागून विरोधी पक्षनेतेपद प्रतिभाताईंकडे आले. सत्तेत असलेल्या माणसाभोवती अधिकारी असतात, दफ्तरे असतात, टिपणे तयार मिळतात. विरोधी पक्षनेत्याला मात्र स्वतःच्या अभ्यासावर आणि स्वतःच्या आवाजावर उभे राहावे लागते, शिवाय गळतीच्या भयाने ग्रासलेल्या आपल्या सदस्यांनाही सावरावे लागते. दहा वर्षांहून अधिक काळ सरकारी बाकांवर काढलेल्या व्यक्तीने ते कार्य निष्ठेने केले; आणि फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त होऊन पुढे पक्षाकडे पुन्हा सत्ता आल्यावरही १९८२ पर्यंत त्यांच्या वाट्याला मंत्रिपद आले नाही, तेव्हा त्यांनी पक्षांतराचा विचार केला नाही. आजच्या महाराष्ट्रात, जेथे संपूर्ण पक्ष एका रात्रीत दुभंगतात, या दोन वर्षांच्या मौनाचे मोल मला फार मोठे वाटते.

त्यांच्याविषयी आदर बाळगणाऱ्याने त्यांच्या उणिवांवर पांघरूण घालू नये. त्यांच्या नावाने जळगावात निघालेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला. स्त्रियांच्या बचतीवर उभ्या राहिलेल्या संस्थेची अशी अखेर व्हावी, हे दुःखद होते. २००९ मध्ये, त्या राष्ट्रपतिपदावर असताना, अमरावतीत विद्यमान राज्यमंत्री सुनील देशमुख यांना डावलून प्रतिभाताईंच्या पुत्राला काँग्रेसची उमेदवारी मिळाली, ही गोष्ट त्या पदाच्या प्रतिष्ठेला साजेशी नव्हती, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. दुसऱ्या बाजूला बांभोरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नोकरदार स्त्रियांसाठी मोठ्या शहरांत उभारलेली वसतिगृहे आहेत. हिशोब दोन्ही बाजूंनी मांडावा, आणि तो मांडल्यावरही विधानसभेतील ती तेवीस वर्षे आपल्या जागी भक्कम उभी राहतात.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत जळगावमधून स्मिता वाघ आणि रावेरमधून तिसऱ्यांदा रक्षा खडसे निवडून आल्या, म्हणजे जिल्ह्यातील दोन्ही खासदार स्त्रिया आहेत. आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत जिल्ह्याच्या अकरा जागांवरून अकरा पुरुष निवडून आले. मुक्ताईनगरात २०१९ आणि २०२४ या दोन्ही वेळी रोहिणी खडसे दुसऱ्या क्रमांकावर राहिल्या. उभ्या राज्यातही २८८ सदस्यांच्या सभागृहात स्त्रियांची संख्या दहाव्या हिश्श्यालाही पोचत नाही, आणि ज्या महाराष्ट्राने देशाला पहिली महिला राष्ट्रपती दिली, त्याच्या मुख्यमंत्र्याच्या खुर्चीवर आजवर एकही स्त्री बसलेली नाही. लोकसभेच्या उमेदवाराला पक्षाचे चिन्ह आणि दिल्लीतील नेत्याचे नाव पुष्कळ अंतर वाहून नेते. विधानसभेच्या उमेदवाराला मात्र स्वतःची माणसे, स्वतःचा पैसा आणि गावोगावचा स्वतःचा राबता लागतो, आणि या तिन्ही गोष्टी स्त्रीकडे येऊ न देण्याचा बंदोबस्त पक्षाच्या तालुका समितीपासूनच झालेला असतो. ‘निवडून येण्याची क्षमता’ या सबबीखाली जी नावे कापली जातात, त्या सबबीला १९६२ च्या जळगावात सत्तावीस वर्षांच्या एका मुलीने कधीच उत्तर दिलेले आहे.

संसदेने २०२३ मध्ये विधानसभांतील एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखण्याची घटनादुरुस्ती मंजूर केली खरी, परंतु तिची अंमलबजावणी जनगणनेशी आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडून ठेवली; तोवर पक्षांनी स्वस्थ बसावे असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमधील निम्म्या जागा स्त्रियांकडे आहेत; जिल्हा परिषदेच्या, पंचायत समित्यांच्या आणि नगरपरिषदांच्या कारभारात मुरलेल्या, पाणीपुरवठ्याच्या योजना आणि शाळांची पटसंख्या ज्यांना तोंडपाठ आहे अशा स्त्रिया आमच्या वरणगाव-भुसावळ परिसरात आणि साऱ्या खानदेशात आहेत. जळगाव जिल्ह्याच्या अकरा जागांपैकी निदान चार जागांवर येत्या विधानसभा निवडणुकीत प्रत्येक प्रमुख पक्षाने अशा स्त्रियांना उमेदवारी द्यावी. त्या जागा हमखास पराभवाच्या नसाव्यात, अनुसूचित जातींसाठी राखीव असलेले भुसावळ आणि अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेले चोपडा यांचाही विचार त्यात व्हावा, आणि नावे अर्ज भरावयाच्या आदल्या रात्री न ठरविता वर्ष-दोन वर्षे आधी ठरवून त्या स्त्रियांना मतदारसंघाच्या कामास लावावे.