नाव फ्लॉवरचे, भार पिठाचा

दक्षिणेत प्रवास करणाऱ्यास कुंभकोणमचे नाव वाटेवर ठिकठिकाणी वाचावयास मिळते. तंजावर जिल्ह्यातील हे देवळांचे गाव कॉफीच्या पाट्यांवरून साऱ्या तमिळनाडूत पोहोचले आहे. ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’ या नावातील ‘डिग्री’ म्हणजे दुधाची घनता मोजणाऱ्या यंत्रावरील अंश, अशी एक उपपत्ती सांगतात. त्या अंशावर उतरलेले, पाणी न घातलेले दूध या कॉफीसाठी वापरीत. काही जण हा शब्द ‘चिकोरी’चा अपभ्रंश मानतात. खरे कोणते ते असो. एका गावाने ‘आमच्याकडे भेसळ नाही, पाणी नाही’ एवढ्याच गोष्टीवर नाव कमवावे, हे मला मोठे गोड वाटते.

म्हणूनच याच गावी, तंजावरी मराठी बोलणाऱ्या एका घरी, संध्याकाळी ‘गोबी मंचूरियन’ आणि ‘व्हेज फ्राइड राइस’ यांचे पार्सल उघडले गेले तेव्हा झालेली निराशा ध्यानात राहिली. घरच्या काकूंनी एकेक गोळा सुरीने कापून पाहिला. लालभडक वेष्टन जाड, आत पिठाचा लगदा, आणि त्याच्या मध्यभागी फ्लॉवरचा बोराएवढा तुरा. दोन गोळ्यांत तर तोही नव्हता, नुसताच देठ होता. भाताच्या डब्यात कोबीचे चार धागे आणि गाजराचे मोजके कण. मुलांनी ते आनंदाने खाल्ले हे सांगितले पाहिजे. काकू मात्र म्हणाल्या, “अहो, फ्लॉवरचे पैसे दिले आणि मैदा विकत आणला!”

आता हा पदार्थ मुळात चिनी नव्हेच. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये आले, लसूण व हिरवी मिरची यांच्या फोडणीत सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून कोंबडीचा एक पदार्थ केला, आणि त्यातून ‘मंचूरियन’ निघाले, असे श्रेय त्यांना दिले जाते. शाकाहारी मंडळींनी कोंबडीच्या जागी फ्लॉवर आणला. आज कुंभकोणमपासून कोल्हापूरपर्यंत हातगाडीवरही तो मिळतो.

तुटपुंजेपणाचे कारण अर्थात पैशात आहे. कावेरीच्या खोऱ्यात तांदूळ दारात पिकतो. फ्लॉवर मात्र बहुधा थंड हवेच्या दूरच्या भागातून येतो, वाटेत खराब होतो, आणि पाने व दांडे काढल्यावर त्यातील पुष्कळसा भाग टाकूनच द्यावा लागतो. शिजल्यावर तांदूळ फुगतो, मैदा तेल पिऊन जड होतो, आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर वाटीभर पाण्याला दाट रश्शाचे रूप देते. भाजीत असे काहीच वाढत नाही. तेव्हा भाव न वाढविता डबा भरलेला दाखवावयाचा, तर भाजीलाच कात्री लागते. उरलेली उणीव रंग झाकतो. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचूरियनमधील कृत्रिम रंगांवर बंदी घातली, ती काही उगाच नव्हे.

पण मला याहून निराळे एक कारण दिसते. कुंभकोणमचा ‘कडप्पा’ घ्या: मूगडाळ, बटाटा, खोबरे आणि बडीशेप यांचा दाटसर रस्सा, इडली-दोशाबरोबर खातात. एखाद्याने त्यात पाणी वाढविले, तर पहिल्या घासालाच गिऱ्हाईक भांडावयास उठेल. कारण तो पदार्थ कसा असतो हे त्याला आईच्या हातामुळे ठाऊक आहे. मंचूरियन मात्र कोणाच्याच आजीने केलेले नाही. त्यात फ्लॉवर किती असावा, याची आठवण कोणत्याच घराला नाही. जेथे घरचे माप नाही, तेथे दुकानदार ठरवील ते माप.

कायद्याचे माप तरी आहे काय? बिस्किटांच्या पुड्यावर निव्वळ वजन छापावेच लागते. आवेष्टित वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या वजनमाप नियमांतून मात्र उपाहारगृहांनी बांधून दिलेले खाद्यपदार्थ वगळले आहेत. ज्यांच्या दहा वा अधिक शाखा आहेत किंवा ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे, अशा उपाहारगृहांनी पदार्थफलकावर उष्मांक व वाढपाचे प्रमाण द्यावे, असे २०२० चे विनियम सांगतात. गल्लीतील एकट्या दुकानास ते लागू नाहीत. गंमत अशी, की त्याच गल्लीत मिळणाऱ्या कॉफी-चिकोरीच्या पुड्यावर दोहोंचे शेकडा प्रमाण छापणे सक्तीचे आहे, आणि कॉफी ५१ टक्क्यांहून कमी चालत नाही. पेल्यातल्या कॉफीचा हिशेब मिळतो, डब्यातल्या फ्लॉवरचा नाही!

प्रत्येक कढईपाशी तराजू ठेवा, असे कोणी म्हणणार नाही. तथापि ‘या डब्यात फ्लॉवर किती घालता?’ एवढे विचारण्यास कोणताही नियम आड येत नाही. शक्य तर रस्सा वेगळा बांधून मागावा. कोरडे तुरे डोळ्यांना फसवीत नाहीत. उणे निघाल्यास डबा तसाच परत नेऊन दाखवावा. काकू दुसऱ्या दिवशी तशाच गेल्या. दुकानदाराने वाद घातला नाही. पुढच्या वेळी तुरे मोठे घालीन म्हणाला, आणि भाव दहा रुपये अधिक पडेल हेही सांगितले. काकूंना तो सौदा रास्त वाटला. मलाही वाटतो.

घरी करून पाहावयाचे असल्यास अर्धा किलो फ्लॉवरच्या तुऱ्यांस चार मोठे चमचे मैदा आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर पुरे होते. तुरे मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून, निथळून, कापडावर अगदी कोरडे करावेत. ओलसर राहिले तर पीठ धरत नाही आणि मग ते वाढवावे लागते. पिठात आले-लसूण, मीठ व थोडी तिखटपूड घालून ते इतके पातळ भिजवावे, की बुडवून काढलेल्या तुऱ्याचा आकार त्यातून दिसत राहील. एकदा तळून, निववून, वाढण्यापूर्वी पुन्हा कडक तेलात तळले म्हणजे जाड वेष्टनावाचूनही ते कुरकुरीत होतात.