कोल्हापुरी चोरली कोणी?

जून २०२५ मध्ये प्रादाने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीचा घाट निव्वळ ‘चामडी सँडल’ म्हणून मिरवला आणि महाराष्ट्राची अस्मिता खडबडून जागी झाली. संताप रास्तच होता. परंतु कातडे कमावणारा ढोर समाज, तळ शिवणारा चर्मकार, वेणी गुंफणाऱ्या त्यांच्या घरच्या स्त्रिया यांचे नाव त्या गदारोळात किती जणांनी घेतले? २०१९ चे भौगोलिक मानांकनही एकट्या कोल्हापूरचे नव्हे. ते महाराष्ट्र व कर्नाटकातील चार-चार जिल्ह्यांचे सामाईक आहे. कापशी, पायताण ही नावे वारसा म्हणून गौरवायची आणि ती घडवणाऱ्याची जात शिवीसारखी उच्चारायची, हा दुटप्पीपणा इटलीहून आलेला नाही. बाजारात रेक्झिनची नक्कल ‘कोल्हापुरी’ म्हणून खपते, तेव्हा हीच अस्मिता घासाघीस करून दोन जोड घेऊन घरी परतते.